प्रभारी विभागप्रमुख : कार्यभार आणि कर्तव्य

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील एखाद्या विभागाचे प्रमुख नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होतात. व्याख्यानकक्षात निरोपाचा समारंभ होतो, शाल-श्रीफळ दिले जाते, निवासी डॉक्टर छायाचित्रे काढतात, जुने कक्षसेवक डोळे पुसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बाह्यरुग्ण विभागासमोरची रांग मात्र नेहमीइतकीच लांब असते. त्या रांगेतील कोणालाही आदल्या दिवशीच्या समारंभाची वार्ता नसते, आणि ती असण्याचे कारणही नाही. त्याच सकाळी अधिष्ठात्यांच्या कार्यालयातून एक पानी आदेश निघतो. विभागातील सेवाज्येष्ठ अध्यापकाने आपले काम सांभाळून विभागप्रमुखपदाचा कार्यभार ‘पुढील आदेश होईपर्यंत’ स्वीकारावा, एवढाच त्याचा आशय असतो.

‘पुढील आदेश होईपर्यंत’ हे तीन शब्द दिसायला निरुपद्रवी आहेत. ते कधी पंधरवड्यात संपतात, कधी दोन-तीन वर्षे टिकतात. या शब्दांच्या आधारावर ज्याला विभाग चालवावा लागतो, त्या अध्यापकाच्या कामाचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. शल्यक्रिया कशी करावी, व्याख्यान कसे द्यावे, प्रबंध कसा तपासावा, याचे शिक्षण त्याला मिळालेले असते. तात्पुरते प्रमुखपद कसे सांभाळावे याचे शिक्षण कोणीच देत नाही.

छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उदाहरण घेतले तर या प्रश्नाचे मोल ध्यानात येते. मराठवाड्याच्या जनतेच्या तोंडी या महाविद्यालयाचे आणि रुग्णालयाचे एकच नाव आहे, ‘घाटी’. पाणचक्कीकडून जाणाऱ्या रस्त्यावरच्या या संस्थेचा जन्म १९५६ चा. त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. पुढे १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिक येथे सुरू झाल्यावर राज्यातील वैद्यकीय शिक्षण त्याच्या कक्षेत गेले. २०२३ मध्ये शहराचेही नाव बदलले. म्हणजे कार्यभाराचे हस्तांतरण या संस्थेला नवीन नाही. तिच्या स्वतःच्या इतिहासात ते अनेकदा घडले आहे आणि तेवढ्यासाठी अपघात विभागाचा दरवाजा कधी बंद झालेला नाही. आज १,१७७ मंजूर खाटांच्या या रुग्णालयात मराठवाड्याच्या जिल्ह्यांतून, तसेच जळगाव, बुलढाणा आणि अहिल्यानगर या शेजारच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. आमखास मैदानाजवळ २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. पदवी अभ्यासक्रमाच्या २०० जागा आहेत, शिवाय पदव्युत्तर विद्यार्थी. अशा ठिकाणी एखादा विभाग चार महिने विस्कळीत झाला तर त्याची झळ परतूर, गेवराई किंवा सेनगावच्या एखाद्या घरापर्यंत पोहोचते.

विभागप्रमुखाची जागा रिकामी होण्याची कारणे नेहमीचीच आहेत : सेवानिवृत्ती, बदली, अन्य महाविद्यालयात अधिष्ठाता म्हणून नियुक्ती, दीर्घ रजा, स्वेच्छानिवृत्ती. प्राध्यापकपदाची सरळसेवा भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते, पदोन्नतीसाठी विभागीय समिती बसावी लागते, आणि या दोन्ही गोष्टींना वेळ लागतो. बदल्यांबाबत २००५ चा अधिनियम आहे व सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे महिन्यांत होतात. म्हणजे नेमक्या परीक्षा आणि प्रवेश यांच्या सांध्यावर. त्यात अलीकडच्या विस्ताराची भर पडली आहे. मराठवाड्यात अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सत्तरीच्या दशकात उभे राहिले, नांदेडचे ऐंशीच्या दशकात, लातूरचे २००२ मध्ये. त्यानंतर धाराशिव आणि परभणी येथे महाविद्यालये झाली, आणि २०२४ मध्ये राज्यात एकाच वेळी सुरू झालेल्या १० शासकीय महाविद्यालयांत जालना व हिंगोली यांचा समावेश होता. हा विस्तार आवश्यक होता, यात शंका नाही. परंतु नव्या महाविद्यालयासाठी अनुभवी अध्यापक आकाशातून पडत नाहीत. ते बहुधा जुन्या महाविद्यालयांतूनच जातात. एका गावी विभाग नव्याने उघडतो तेव्हा दुसऱ्या गावी तोच विभाग ‘प्रभारी’ होतो. हा हिशेब विस्ताराच्या आनंदात थोडा मागे पडतो.

कार्यभार घेणाऱ्याचा पहिला दिवस बहुधा किल्ल्यांमध्ये आणि नोंदवह्यांमध्ये जातो. जडवस्तू संग्रह नोंदवहीत दाखविलेले सूक्ष्मदर्शक प्रत्यक्षात किती, त्यांपैकी चालू किती, दुरुस्तीला गेलेले यंत्र कोणत्या दिनांकास गेले, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज त्याने स्वाक्षरी करू नये, असे जुने लिपिक सांगतात आणि ते खरे आहे. मावळते प्रमुख थोर असतात, आदरणीय असतात, पुष्कळदा आपले गुरूच असतात. त्यांच्यासमोर वस्तू मोजण्याचा संकोच वाटतो. या संकोचाची किंमत पुढे लेखापरीक्षणाच्या वेळी मोजावी लागते, आणि तेव्हा गुरू पुण्यास किंवा मुलाकडे परदेशी गेलेले असतात.

त्याहून नाजूक बाब आहे ती कागदावर कोणाचे नाव आहे याची. क्ष-किरण विभागातील प्रत्येक सोनोग्राफी यंत्र १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदलेले असते आणि ते वापरणाऱ्या डॉक्टरांची नावे त्या नोंदणीशी जोडलेली असतात. किरणोत्सर्गी उपचार देणाऱ्या विभागास मान्यताप्राप्त किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी असावा लागतो. रक्तपेढीचा परवाना असतो. बधिरीकरणशास्त्र विभागात मॉर्फिनसारख्या औषधांचे कुलूपबंद कपाट असते, त्याची नोंद थेंबाथेंबाने ठेवावी लागते. न्यायवैद्यक विभागात सीलबंद व्हिसेरा असतो, ज्याच्या पावतीवर अवलंबून उद्या सत्र न्यायालयातील खटला उभा राहणार असतो. प्रमुख बदलला की ही नावे, नमुना स्वाक्षऱ्या, प्राधिकारपत्रे आपोआप बदलत नाहीत. ती बदलून घ्यावी लागतात आणि ते काम पहिल्या आठवड्यातच व्हावे लागते. विभाग शास्त्रीयदृष्ट्या उत्तम चाललेला असूनही केवळ एका नावाच्या फेरबदलावाचून त्याचे यंत्र बंद पडू शकते, ही गोष्ट नव्या प्रभारींना ऐकताना क्षुल्लक वाटते. गर्भवती स्त्रिया तपासणीसाठी बाकावर ताटकळत बसल्या म्हणजे ती क्षुल्लक राहत नाही.

विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहिले तर चिंता आणखी वेगळी आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याची निवासी म्हणून तीन वर्षे असतात. त्याचा प्रबंध एका मार्गदर्शकाच्या नावाने विद्यापीठात नोंदलेला असतो, नीतिविषयक समितीची मान्यता त्याच आराखड्याला असते. मार्गदर्शक निवृत्त झाले किंवा बदलून गेले की तो विद्यार्थी अर्ध्या वाटेत उभा राहतो. मार्गदर्शक बदलाची अनुमती विद्यापीठाकडून वेळेत मिळविणे, अपुऱ्या राहिलेल्या कार्यनोंदवह्यांवर कोणी स्वाक्षरी करावी हे ठरविणे, जिल्हा रुग्णालयातील तीन महिन्यांच्या सक्तीच्या सेवेसाठी कोणास केव्हा पाठवायचे याचे वेळापत्रक मोडू न देणे, ही सर्व कामे प्रभारीकडे येतात. पदवीचे विद्यार्थी संख्येने मोठे असतात, परंतु त्यांचा आवाज कमी असतो. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात व्याख्यानांपेक्षा छोट्या गटांतील अध्यापनावर आणि रुग्णाजवळच्या शिक्षणावर भर आहे. त्यासाठी अध्यापकांची संख्या अधिक लागते. प्रमुखांची जागा रिकामी म्हणजे एक अध्यापक कमी, आणि प्रभारी कार्यालयात अडकलेला म्हणजे आणखी अर्धा कमी. ही दीड माणसाची तूट बहुधा तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला येते.

येथे मूळ प्रश्न उपस्थित होतो. प्रभारीने केवळ गाडी रुळावर ठेवावी, की गरज पडल्यास नवा रूळही टाकावा? शासकीय सेवेत पहिल्या मताचा पगडा मोठा आहे. ‘नियमित प्रमुख आल्यावर पाहू’ हे वाक्य प्रत्येक विभागाच्या भिंतींना पाठ झालेले असते. या वाक्यात नम्रता असू शकते. बहुतेक वेळा भीती असते. जिल्हा वार्षिक योजनेतून मिळणारा निधी ३१ मार्चला थांबत नाही, तो व्यपगत होतो. यंत्रसामग्रीचा प्रस्ताव वेळेत सादर झाला नाही, तांत्रिक विनिर्देश तयार झाले नाहीत, तर खरेदी प्राधिकरणाकडे पाठविण्यासारखे काही उरतच नाही. प्रभारीने सही न करण्याचा निर्णय घेतला तरी तो निर्णयच असतो. त्याचे परिणाम होतात, फक्त त्याखाली कोणाचे नाव नसते.

या संदर्भात वैद्यकाच्या इतिहासातील एक प्रसंग आठवणे अप्रस्तुत ठरणार नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ च्या मे महिन्यात उघडले. शल्यचिकित्सा विभागासाठी संस्थेची पहिली पसंती ग्लासगोचे विख्यात शल्यविशारद विल्यम मॅकईवन यांना होती. ते जमले नाही. तेव्हा विल्यम हॉलस्टेड यांची नेमणूक झाली, तीही प्रभारी शल्यचिकित्सक म्हणून. संस्थेने हात राखूनच ही नेमणूक केली होती आणि त्याला कारण होते. स्थानिक भूल देण्याच्या प्रयोगांत स्वतःवर कोकेन टोचून घेतल्यामुळे हॉलस्टेड त्या औषधाच्या आहारी गेले होते. न्यूयॉर्कमधील त्यांची भरभराटीची कारकीर्द त्यापायी संपली होती. अशा मनुष्याला कायम पद देण्यास विश्वस्त धजत नव्हते. १८९० मध्ये ते प्रमुख शल्यचिकित्सक झाले व १८९२ मध्ये प्राध्यापक.

या अनिश्चित काळात हॉलस्टेड यांनी ‘कायम झाल्यावर पाहू’ असे म्हटले नाही. १८८९-९० च्या हिवाळ्यात त्यांच्या शस्त्रक्रियागृहातील परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांचे हात जंतुनाशक पारदयुक्त द्रावणाने सोलवटून निघाले. त्यांच्यासाठी हॉलस्टेड यांनी रबर कंपनीकडून पातळ हातमोजे करवून घेतले. मूळ हेतू एका परिचारिकेचे हात वाचविण्याचा होता. पुढे शस्त्रक्रियेतील जंतुसंसर्ग टाळण्याचे ते साधन झाले. (१८९० मध्ये हॅम्प्टन आणि हॉलस्टेड विवाहबद्ध झाले, हा भाग वैद्यकेतर.) तरुण शल्यचिकित्सकाने रुग्णालयातच राहून, टप्प्याटप्प्याने वाढती जबाबदारी घेत शिकावे ही निवासी पद्धतीही त्यांनीच पुढे रुजविली. आज घाटीच्या वॉर्डात रात्री दोन वाजता सलाइन लावणारा निवासी डॉक्टर ज्या परंपरेत उभा आहे, तिचा एक उगम अशा प्रभारी नेमणुकीत आहे.

अर्थात प्रत्येक प्रभारी हॉलस्टेड नसतो आणि तशी अपेक्षाही करू नये. उलट टोकाचा धोकाही आहे. काही जण खुर्ची मिळताच युनिटची फेररचना करतात, बाह्यरुग्ण विभागाचे वार बदलतात, आपल्या विद्यार्थ्यांना सोयीच्या जागा देतात. नियमित प्रमुख आला की पुन्हा सर्व उलटे होते आणि परिसेविकांना सहा महिन्यांत दोनदा नवी घडी बसवावी लागते. सारासार विचार असा दिसतो : ज्या गोष्टीला मुदत आहे आणि ज्या गोष्टीवर रुग्णाचे प्राण किंवा विद्यार्थ्याचे वर्ष अवलंबून आहे, ती प्रभारीने निःशंकपणे करावी. जी गोष्ट केवळ त्याच्या आवडीची आहे ती थांबू शकते. या दोहोंच्या मधला प्रदेश मोठा आहे. तेथे सहकाऱ्यांची बैठक बोलवावी, इतिवृत्त लिहावे व अधिष्ठात्यांना त्याची प्रत द्यावी. इतिवृत्त हे कंटाळवाणे काम आहे खरे, पण प्रभारीला त्यासारखे संरक्षण दुसरे नाही.

संरक्षणाचा उल्लेख सहज आलेला नाही. २०२३ च्या सप्टेंबरअखेर नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात अर्भके होती. सारा देश त्या घटनेने हादरला. त्या वेळी तेथील अधिष्ठातापदाचा कार्यभार प्रभारी व्यक्तीकडे होता, आणि लोकक्षोभाला व सार्वजनिक अवमानाला सामोरे जावे लागले तेही त्याच व्यक्तीला. औषधांचा पुरवठा, मनुष्यबळ, शेवटच्या क्षणी दूरवरून येणारे अत्यवस्थ रुग्ण, अशा अनेक कारणांची चर्चा नंतर झाली. त्या कारणांतील किती एका प्रभारीच्या हाती होती, हा प्रश्न विचारण्यास फार थोडे लोक थांबले. पद तात्पुरते असते, उत्तरदायित्व मात्र पूर्ण असते. म्हणून ज्याच्यावर ते सोपवायचे त्याला अधिकारही पूर्ण द्यावेत, आणि आदेशात ते स्पष्ट लिहावेत. ‘दैनंदिन कामकाज पाहावे’ एवढ्या मोघम शब्दांवर विभाग सोपवू नये. १९८१ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (वेतन) नियमांत अतिरिक्त कार्यभारासाठी अतिरिक्त वेतनाची तरतूद, अटींसह, आहे. पैशापेक्षाही आदेशाची भाषा महत्त्वाची, असे अनेक अनुभवी अध्यापक सांगतील.

याउलट चित्रही याच मराठवाड्याने पाहिले. २०२० च्या महासाथीत घाटीच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात विषाणू तपासणी सुरू झाली. तोवर नमुने पुण्यास पाठवून अहवालाची वाट पाहावी लागत होती. त्या महिन्यांत राज्यभरच्या महाविद्यालयांत अध्यापक स्वतः आजारी पडत होते, विलगीकरणात जात होते. आज एकाकडे असलेला कार्यभार उद्या दूरध्वनीवरून दुसऱ्याकडे जाई. ज्या विभागांत कामाची पद्धत लिहून ठेवलेली होती, कोणती चाचणी कोणत्या क्रमाने, कोणता साठा कोणाकडे, कोणास केव्हा कळवायचे, तेथे हे हस्तांतरण जाणवलेही नाही. जेथे सारे काही प्रमुखांच्या डोक्यात होते तेथे गोंधळ झाला. पाणचक्कीच्या हौदात दूरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून येते. पाहणाऱ्याला जाते फिरताना दिसते, नळ दिसत नाहीत. विभागातील लेखी पद्धतीचे काम काहीसे त्या नळांसारखे आहे.

आता माणसांविषयी. काल चहाच्या टेबलावर ‘अरे’ म्हणणारा मित्र आज लोकांसमोर ‘सर’ म्हणतो आणि एकांतात काय म्हणावे या विवंचनेत पडतो. प्रभारीपेक्षा वयाने मोठे पण सेवेने कनिष्ठ असलेले एक सहकारी जवळजवळ प्रत्येक विभागात असतात. त्यांच्या मनात सल असतो. रजेचा अर्ज त्यांनी प्रभारीच्या हाती न देता लिपिकाच्या टेबलावर ठेवला, तर तो अपमान समजू नये. प्रभारीने त्यांच्या खोलीत स्वतः जावे, खुर्ची ओढून बसावे आणि अवघड रुग्णाविषयी त्यांचे मत विचारावे. मत मागताना मात्र ते खरोखरच हवे असावे. देखाव्यासाठी विचारलेले मत अनुभवी माणसाला लगेच कळते. निवासी डॉक्टरांचा प्रश्न वेगळा. प्रमुख कच्चा आहे की पक्का याचा अंदाज ते आठवड्याभरात घेतात, आणि हा अंदाज ते भाषणांवरून घेत नाहीत. रात्रीच्या तातडीच्या शस्त्रक्रियेला बोलावले असता प्रभारी आला की नाही, नातेवाईक आवाज चढवू लागले तेव्हा तो वॉर्डात पुढे उभा राहिला की नाही, यावरून घेतात.

म्हणूनच प्रभारीने आपले युनिट सोडू नये. आठवड्यातील बाह्यरुग्णांचा एक दिवस आणि शस्त्रक्रियेचा एक दिवस तरी त्याने राखून ठेवावा. पत्रव्यवहार दुपारनंतर करता येतो. सकाळ एकदा कार्यालयाला दिली की ती परत मिळत नाही, आणि कार्यभार संपल्यावर त्याला परतायचे असते ते रुग्णाच्या खाटेपाशीच.

परतणे हा या कामाचा सर्वांत अवघड भाग, आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. ज्याने अठरा महिने विभाग चालविला, विद्यार्थ्यांचे प्रबंध मार्गी लावले, आयोगाच्या तपासणीसाठी रात्री जागून कागद जुळविले, त्याला एके दिवशी नवे प्रमुख रुजू झाल्याचे कळते. कदाचित ते त्याच्याहून वयाने लहानही असतात. त्या दिवशी त्याने काय द्यावयाचे याची यादी तयार हवी : प्रलंबित प्रस्ताव व त्यांचे जावक क्रमांक, दुरुस्तीतील यंत्रे, न्यायालयीन समन्स, कोणत्या विद्यार्थ्याची अडचण कोठे अडली आहे, कोणता निवासी डॉक्टर घरच्या आजारपणामुळे खचलेला आहे. शेवटची बाब कोणत्याही नमुन्यात नसते; ती तोंडी सांगावी. चार गोष्टी अपुऱ्या राहिल्या असतील तर त्याही सांगाव्यात, लपवू नयेत.

मग कार्यभार हस्तांतरणाच्या प्रमाणपत्रावर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची स्वाक्षरी होते. दिनांकापुढे ‘मध्यान्हपूर्व’ की ‘मध्यान्हनंतर’ हे लिपिक विचारून लिहितो. कपाटाच्या किल्ल्या मोजून दिल्या जातात. नव्या प्रमुखांसाठी चहा येतो. एवढ्यात बाह्यरुग्ण विभागातून निरोप येतो, की आज दुसऱ्या युनिटचा वार आहे, नव्वदावा क्रमांक चालू आहे आणि एक निवासी रजेवर आहे. कालपर्यंतचे प्रभारी चहा अर्धवट ठेवून, पांढरा कोट घालीत जिन्याकडे निघतात.